उजव्या पायाचा मोजा

माघ सरत आला की वसमतच्या हवेत हळद उतरते. शेताशेतांतून कढया पेटतात, शिजणाऱ्या हळकुंडांची वाफ सकाळच्या धुक्यात मिसळते आणि गावावर एक ओलसर, मातकट, औषधी वास येऊन बसतो. तो कपड्यांत शिरतो, केसांत शिरतो, झाकून ठेवलेल्या पाण्यालासुद्धा लागतो. लोकांना तो सुगीचा वास वाटतो. मला तो कुणाची तरी वाट बघण्याचा वाटतो. या दिवसांत मी घरात जरा विचित्र वागते असं माझी सून म्हणते, आणि ती खोटं बोलत नाही.

या वर्षी त्यात भर पडली. माझी नात मुक्ता अभ्यासाच्या सुट्टीत आली होती. अभ्यास सोडून बाकी सगळं करायची तिला हौस. लोकरीचं विणकाम तिला मीच शिकवलेलं. परवा दुपारी ती हात पाठीमागे लपवून माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आजी, डोळे मीट. हात पुढं कर." मी केला. हातावर काहीतरी खरखरीत, हलकं आलं. बघते तर राखी रंगाचा एक लोकरी मोजा. माझ्या पेटीच्या तळाशी मलमलीत गुंडाळून ठेवलेला. त्याचा पंजा अर्धवट होता, टोकाचे टाके एका दोऱ्यावर ओवून मोकळे ठेवलेले होते. मुक्तानं ते सुयांवर घेतले, सोबत गुंडाळलेल्या लोकरीनं उरलेल्या फेऱ्या विणल्या आणि पंजा मिटवून टाकला. काम इतकं सफाईचं की जोड कुठे आहे ते शोधावं लागलं.

"किती वर्षं अर्धा पडला होता बिचारा," ती म्हणाली. "संपवला एकदाचा."

पोरीनं मायेनं केलेलं काम, चार कौतुकाचे शब्द बोलायला हवे होते. मी म्हणाले, "दाराला कडी लावलेली नाही ना, बघ." तिला वाटलं म्हातारीला ऐकू गेलं नाही. तिनं पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. मला सगळं ऐकू आलं होतं. तो मोजा मिटायचा नव्हता. तो उघडा ठेवीन असं मी एका बाईला कबूल केलं होतं, आणि ती बाई आता विचारायला येणार नाही म्हणून कबुली संपत नाही.

दुसऱ्या मोठ्या लढाईचे दिवस होते. लढाई कुठेतरी फार दूर चालू होती आणि आमच्याकडे फक्त रॉकेल नि साखर दिसेनाशी होऊन तिची खबर लागत होती. माझे वडील हिंगोलीच्या तहसील कचेरीत कारकून. आमचं बिऱ्हाड जुन्या छावणीच्या कडेला होतं. एके काळी तिथे गोऱ्या साहेबांची पलटण असायची. ती उठून गेली त्याला माझ्या जन्माच्याही आधी बरीच वर्षं लोटली होती. मागे राहिले ते दारं-खिडक्या उपटून नेलेले बंगले, चिंचांच्या रांगा, कवायतीचं भलंमोठं टणक मैदान आणि मैदानापलीकडे गोऱ्यांचं कबरस्तान. मला रात्रीची भीती कधी वाटली नाही. रात्री सगळी माणसं घरात असतात. भीती वाटायची ती दुपारची. लख्ख उन्हात सगळं दिसतंय, आणि दिसण्यासारखं कुणीच नाही. चिंच गळून पडली तरी आवाज ऐकू यायचा. अशा वेळी त्या मैदानाकडे मला बघवत नसे आणि बघितल्याशिवाय राहवतही नसे.

आमच्या भिंतीला भिंत लागून खालाचं घर होतं. नाव जैनबबी, पण सगळी आळी तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायची. उंच, हाडापेराची, कमी बोलणारी बाई. नवरा लवकर गेलेला. खालाची आई छावणीतल्या एका मडमेकडे आया होती, आणि त्या मडमेनं आपल्या आयेला मोजे विणायला शिकवलं होतं. ती विद्या आईकडून खालाकडे आली. छत्रीच्या काड्या दगडावर घासून केलेल्या सुयासुद्धा आईच्याच. हिंगोलीसारख्या गावात लोकरीचे मोजे कोण घालणार, असं तुम्हाला वाटेल. पण आमच्याकडची पौषातली पहाट ज्यानं शेतात काढली आहे तो असं विचारणार नाही. रेल्वेचे खलाशी, कापसाच्या जिनातले पहारेकरी, ज्वारी राखायला माळ्यावर बसणारे म्हातारे, सगळे खालाकडे यायचे.

तिची मापाची रीत वेगळी होती. फूटपट्टी नाही, दोरी नाही. ओसरीचा एक कोपरा ती ताजा सारवून ठेवायची आणि माणसाला त्यावर उभं करायची. "नीट उभं ऱ्हा. जसा घरी ऱ्हातोस तसा." तो गेला की ती उकिडवी बसून त्या उमटलेल्या पावलांकडे बराच वेळ बघायची. अंगठा किती पुढे, भार टाचेवर की चवड्यावर, ते सगळं त्या ओल्या मातीत तिला दिसायचं. डावा नि उजवा मोजा ती वेगळा विणायची, अंगठ्याच्या बाजूनं टाके कमी घटवायची. काम झालं की दुसऱ्या दिवशी ती पावलं सारवून टाकायची.

आणि तिचे दोन नियम होते, आईकडून आलेले. पंजा मिटवायचा तो माणूस समोर बसवून, मोजा त्याच्या पायात घालून, त्याच्या पायावरच. मोकळ्या हवेत पंजा मिटला तर मिटलेल्या मोज्यात पाय शिरत नाही, असं ती म्हणायची. मी चेष्टेनं एकदा घालून दाखवला होता, माझा पाय शिरला की! तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "तुझा शिरंल पोरी. ज्याचा हाय त्याचा न्हाई." दुसरा नियम असा की एका माणसाची जोडी पुरी झाल्याशिवाय दुसऱ्यासाठी टाके घालायचे नाहीत. का, असं विचारलं तर म्हणायची, "पयला वाटंतच थांबून ऱ्हातो ना."

खालाचा मुलगा रशीद कापसाची लॉरी चालवायचा. उंच आईसारखा, बोलका मात्र बापासारखा असावा. लढाईवर मोटार चालवणारे हवे होते, तो भरती झाला. निघायच्या दिवसांत खालानं त्याच्यासाठी मोजे विणायला घेतले. लोकर मिळत नव्हती. तेव्हा तिनं पेटीतून आईनं जपलेली एक जुनी राखी बंडी काढली. मडमेनं विलायतेला परत जाताना ती आयेला दिली होती. बंडी साहेबाची होती आणि साहेब मडमेबरोबर परत गेला नव्हता, तो मैदानापलीकडे झोपला होता. खालानं ती बंडी उसवली, लोकर वाफेवर धरून सरळ केली. उसवताना मी समोर दोन्ही हातांवर लडी धरून बसले होते. लोकरीला कापराचा आणि आणखी कसला तरी परका वास होता.

डावा मोजा पुरा झाला, रशीदच्या पायावर मिटला. उजव्याच्या पंजाच्या थोड्या फेऱ्या राहिल्या होत्या आणि टांगा दारात आला. गाडीची वेळ झालेली. खाला म्हणाली, थोडं थांब. रशीद हसला. त्यानं डावा मोजा कोटाच्या खिशात घातला. मायलेकांचं बोलणं दखनीत चालायचं, मी माझ्या मराठीत सांगते. तो म्हणाला, "एक माझ्याजवळ, एक तुझ्याजवळ. अम्मा, जोडी पुरी करायला तरी यावंच लागेल मला." टांगा वळला. खाला हातातल्या सुयांसकट दारात उभी होती.

आत येऊन तिनं टाके दोऱ्यावर ओवून घेतले, आणि सुया टोपलीत ठेवल्या.

पुढचे दिवस मला आठवतात ते त्या कोपऱ्यासकट. ओसरी दर आठवड्याला सारवली जायची, पण मापासाठी उमटवून घेतलेली रशीदची पावलं खाला चुकवून सारवायची. भोवतीची जमीन थर चढून उंच होत गेली आणि ती दोन पावलं खोल खोल दिसू लागली. मला तिकडे बघताना कसंतरी व्हायचं. कुणीतरी तिथे उभं आहे आणि आपल्याला त्याचे फक्त तळवे दिसताहेत, असं वाटायचं. आम्ही सगळेच तो कोपरा ओलांडून जायचो. मांजरसुद्धा.

थंडी पडली तसे लोक मोज्यांसाठी येऊ लागले. खाला त्यांना परत पाठवायची. "एक जोडी आडकून हाय," एवढंच सांगायची. सुरुवातीला रशीदची खबर येत असे. मग ती येईनाशी झाली. माझी आई म्हणायची, तिला काहीतरी काम द्या हो कुणी, रिकाम्या हातांनी बाई वेडी होईल. आणि खरंच, खालाचे हात मांडीवर पडून नुसते हलत असायचे. बोटं बोटांभोवती फिरायची, सुया नसलेलं काहीतरी विणत राहायची.

त्याच सुमाराला माझ्या थोरल्या भावाचं लग्न झालं आणि वहिनी घरात आली. औरंगाबादची, मुलींच्या शाळेत शिकलेली, हसरी आणि थोडी फटकळ. तिच्याबरोबर क्रोशाची सुई आली. टोकाला आकडा असलेली ती एकच सुई बघून मला केवढं नवल वाटलं. वहिनी रुमालांच्या कडा, तांब्यावरची झाकणं, दाराची तोरणं असं काय काय करायची. एका दुपारी मी तिला खालाकडे घेऊन गेले.

"खाला, तुम्ही हे करून बघा," वहिनी म्हणाली. "हा मोजा नाही आणि या तुमच्या सुयाही नाहीत. तुमच्या नियमाला बाध नाही."

खालानं क्रोशा हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला. "दुसरी सुई कुठाय?"

"दुसरी नसतेच. एकीवरच सगळं."

"मग टाके कशावर ऱ्हातेत?"

वहिनीनं साखळी घालून दाखवली, मग परत फिरून मुका खांब नावाचा टाका. प्रत्येक टाका करायचा आणि तिथल्या तिथे संपवायचा, सुईवर कायम एकच वेटोळं. खाला खूप वेळ बघत राहिली. विणकामात सगळी फेरी जागी असते. प्रत्येक टाका सुईवर तोंड उघडून बसलेला असतो, एक निसटला की खालपर्यंत घसरत जातो. सगळ्यांना एकदम सांभाळावं लागतं. क्रोशात झालं ते झालं. मागे वळून बघायला नको, कुणाला धरून ठेवायला नको, काळजी करायची ती एका वेटोळ्याची. त्या वयात मला हे असं शब्दांत कळलं नव्हतं. पण खालाचा चेहरा मी पाहिला होता. दिवसभर कडेवर घेतलेलं लेकरू कुणीतरी क्षणभर घ्यावं तसा तो सैल झाला होता. "हे बरं हाय," ती म्हणाली. "इथं कुनी लटकून ऱ्हात न्हाई."

बंडीची उरलेली लोकर होतीच. वहिनीनं तिला चौकोन करायला सांगितला, ताटावर झाकायला. शिकणाऱ्यानं चौकोनच करायचा असतो.

खालाचा चौकोन झाला नाही. सुरुवातीची कड रुंद, आणि पुढे पुढे ओळ लहान होत गेली. वरचं टोक बोथट, निमुळतं. वहिनी हसली. ही चूक विणणाऱ्यांचीच, ती म्हणाली. विणकामात कडेचा टाका सुईवर आपोआप पुढे येतो, मोजावा लागत नाही. क्रोशात ओळीचा शेवटचा टाका लपून बसतो, तो शोधून त्यात आकडा घालावा लागतो. विणणारीचा हात त्याला सोडून वळतो आणि दर ओळीला काम आखडत जातं.

"आता दाखवते तसं करा. हा बघा, इथं लपलाय."

खालानं पाहिलं, समजून घेतलं, मान हलवली. दुसरा चौकोन घातला. तोही निमुळता झाला. वहिनीनं कडेला तांबड्या दोऱ्याची खूण बांधून दिली. खूण सुटली नाही, आणि काम निमुळतंच झालं. मी शेजारी बसून मोजत होते, टाके बरोबर होते असं मला शपथेवर सांगता येईल. संध्याकाळी बघावं तर कड आत आलेली. वहिनी आधी चेष्टा करायची, "खाला, मोज्याचा पंजा काही तुमच्या हाताला सोडत नाही." मग तिनं चेष्टा करणं थांबवलं. सगळे तुकडे एकाच मापाचे होते. रुंदीला सारखे, जिथे अरुंद व्हायला लागतात ती जागा सारखी, बोथट टोकसुद्धा सारखं. चूक अशी एका मापानं होत नाही, असं वहिनीनं मला घरी आल्यावर सांगितलं, आणि सांगताना तिनं आवाज उगाच खाली आणला होता.

"पंज्यावानी हायेत, पन पंजा न्हाईत," खाला ते तुकडे मांडीवर पसरून म्हणायची. "पंजा लांब असतो. हे आखूड हायेत. काहून आखूड होऊन राहिलेत?"

तिनं ते उसवले मात्र नाहीत. घडी करून पेटीत ठेवून दिले.

मग हळदीचे दिवस आले. कवायतीचं ते टणक मैदान वाळवणाला फार सोयीचं होतं. आसपासच्या शेतांतून शिजवलेली हळद गाड्या भरभरून यायची आणि मैदानावर पसरली जायची. सकाळी वाफ, दुपारी पिवळं जमिनीला टेकलेलं ऊन. जिथे एरवी कुणी नसायचं तिथे बायामाणसांची वर्दळ. त्या सगळ्यांची पावलं पिवळी झालेली असायची. रस्त्यावर, पाराजवळ, मशिदीच्या पायरीखाली, आमच्या अंगणात, जिकडे तिकडे पिवळी पावलं उमटलेली. संध्याकाळी माणसं परत गेली की नुसती पावलं उरायची.

एका दुपारी खालानं मला हाक मारली. ती तिच्या ओसरीच्या कडेशी उभी होती. ओसरीवर, बाहेरून आत येणारं, एक पिवळं पाऊल उमटलं होतं. उजवं. बोटं दाराकडे. एकच.

दुसरं कुठेच नव्हतं. अंगणात पाहिलं, पायरीवर पाहिलं. वहिनीला बोलावलं. ती म्हणाली, "कुणी मजूर पाणी प्यायला आला असेल. एक पाय ओसरीवर ठेवला, एक खाली, माठातून पेला घेतला आणि गेला." बरोबर होतं तिचं. माठ तिथेच होता आणि पेला ओला होता. आजही मला विचाराल तर मी हेच सांगेन. पण खाला त्या पावलाशेजारी खाली बसली. कोपऱ्यातल्या रशीदच्या खोल पावलाकडे तिनं एकदा पाहिलं, परत या पिवळ्या पावलाकडे पाहिलं. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून लांब होतं. दोन्हीकडे.

"ह्यो एकलाच आला," ती म्हणाली.

मला रडू फुटलं. काय समजून ते मला सांगता येणार नाही. वहिनीनं माझा हात धरला आणि मला घरी नेलं. त्या दिवसापासून खाला दुपारी दाराची कडी लावेनाशी झाली. हळदीच्या दिवसांत परगावची माणसं फिरतात, दार लावत जा, असं आईनं तिला बजावलं. ती ऐकून घ्यायची. दार उघडंच असायचं, उन्हात, आत अंधार दिसत.

रशीद आला तो वाळवण उचलायला घेतल्यावर. तीही दुपारच. मी खालाच्या ओसरीवर लोकरीचा गुंता सोडवत बसले होते. स्टेशनकडून टांगा आला आणि आमच्या दारांशी थांबला. आधी दोन काठ्या खाली आल्या. मग एक पाय. मग तो. वाळला होता, दाढी वाढलेली. अंगणातून चालत आला त्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. एक पाऊल, मग काठ्यांचा ठोका. पुन्हा एक पाऊल. डाव्या पायात राखी मोजा होता, टाचेशी विरलेला. उजवीकडे विजारीची नळी दुमडून पिनेनं अडकवली होती.

खाला दारात आली. तिनं त्याच्या तोंडाकडे आधी पाहिलं नाही. खाली पाहिलं. मी वाट बघत होते की ती किंचाळेल, छाती पिटेल. तिनं पुढे होऊन त्याला खाटेवर बसवलं आणि त्याच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले. मग ती आत गेली आणि पेटी उघडल्याचा आवाज आला.

परत आली ती हातात ते निमुळते तुकडे घेऊन. तिनं त्यातले दोन उचलले, एकमेकांवर ठेवले, क्रोशा काढला आणि कडेनं जोडत नेले. रशीद बघत होता, मी बघत होते. बोथट टोकाशी थोडं उघडं राहू दिलं. दुमडलेली विजार तिनं सोडली. गुडघ्याखाली थोडा उतरून पाय संपला होता, आणि टोकाला फडकं बांधलेलं होतं. तिनं तो जोडलेला तुकडा त्या थोटकावर चढवला. कुठे सैल नाही, कुठे आवळत नाही. जिथे तुकडा अरुंद व्हायला लागायचा तिथेच पाय अरुंद झाला होता. मग तिनं टोकाचं उघडं राहिलेलं त्याच्या पायावरच मिटवलं. तिच्या नियमाप्रमाणे, माणूस समोर बसवून.

"मापाचं हाय," ती माझ्याकडे बघून म्हणाली.

रशीदनं विचारलं, "अम्मा, हे कधी केलंस? तुला कुणी सांगितलं?"

"मला कुणी सांगितलं नाही," खाला म्हणाली. "हाताला सांगितलं असेल."

लॉरी उलटून पाय तिच्याखाली चिरडला होता, ब्रह्मदेशच्या वाटेवर, पावसात. तिथल्या दवाखान्यात तो काढावा लागला. रशीद सांगत होता आणि ती ऐकत होती. सगळं ऐकून झाल्यावर तिनं एकच विचारलं. पायाचं काय केलं? रशीद गोंधळला. पुरला असेल तिथेच, म्हणाला, कुणाला विचारायचं असतं ते? आपण जन्म दिलेलं, न्हाऊ-माखू घातलेलं काहीतरी परमुलखात मातीत टाकून दिलंय, हे खालाच्या तोंडावर मला दिसत होतं. मी तेव्हा लहान नव्हते, लग्नाला आलेली होते, पण आईपण ही काय चीज असते ते मला त्या दुपारी पहिल्यांदा कळलं आणि मी घाबरले.

उजवा मोजा तिनं पेटीतून काढला, उन्हात झटकला. मला वाटलं आता उसवेल. तिनं दोऱ्यावरचे टाके एकेक चाचपून पाहिले आणि मोजा पुन्हा गुंडाळून ठेवला.

"खाला, आता कुणासाठी?" मी विचारलं.

"त्यो निगाला असंल ना," ती म्हणाली. "वाट लांब हाय. एकला पाय, हळू येऊन राहिला असंल."

त्यानंतर खालानं सुया हातात धरल्या नाहीत, जोडी अजून अडकून होती. क्रोशा मात्र सोडला नाही. आणि गंमत अशी की त्या दिवसानंतर तिचे चौकोन चौकोनच व्हायला लागले. कुणी काही नवं शिकवलं नव्हतं. वहिनीनं पहिला चौकोन हातात घेऊन चारी कडा ताणून पाहिल्या आणि परत दिला.

पुढे निजामाचं राज्य गेलं. ते वर्ष फार वाईट होतं. आळीतली काही घरं बंद झाली, कुणी कुणाला काही म्हटलं नव्हतं तरी सगळे खाली बघून बोलायचे. खाला आणि रशीद तिच्या बहिणीकडे हैदराबादेला निघाले. सामान गाडीत चढवताना तिनं मला बाजूला बोलावून मलमलीत गुंडाळलेला मोजा माझ्या हातात दिला. तोवर माझं वसमतला लग्न झालेलं होतं, मी माहेरी आले होते.

"इथं दार बंद ऱ्हाईल," ती म्हणाली. "त्यो आला तर कुठं जाईल? तुझं दार वळखंल. लडी तूच धरली होतीस. मिटवू नको, बेटा."

"नाही मिटवणार," मी म्हणाले. गाडी हलली. ओसरीच्या कोपऱ्यात ती दोन पावलं तशीच होती. पुढे तिथे कुणी राहायला आलं आणि त्यांनी सगळी जमीन नव्यानं केली असं आईकडून कळलं. खालाची आणि माझी परत भेट झाली नाही.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. माझ्या मुलांना मी अंधारात न घाबरता जायला शिकवलं. पण दर वर्षी हळद शिजायला लागली की मी तो मोजा काढते, टाके चाचपते, आणि दुपारी दाराची कडी लावत नाही. घरातल्यांना वाटतं मला हवा लागते.

हे सगळं परवा मी मुक्ताला सांगितलं. सांगताना पेटीतून खालानं क्रोशानं केलेला एक नीट चौकोनही काढून दाखवला, माझ्या पहिल्या बाळंतपणात पाठवलेला. मुक्ता मधे एकदाही हसली नाही. शेवटी तिनं विचारलं, "मग आता?"

मी चष्मा लावला. उंबऱ्याशी उजेड चांगला होता, तिथे बसले. पोरीनं विणकाम माझ्याकडूनच उचललेलं, म्हणून टोक कुठे दडवलं असेल ते मला ठाऊक होतं. ते सापडलं. धागा ओढला आणि पंजा उघडायला लागला, एक टाका, मग दुसरा. इतक्या वर्षांची लोकर, तुटेल म्हणून जीव धास्तावला होता. तुटली नाही. मुक्तानं घातलेल्या फेऱ्या उसवून खालाच्या टाक्यांपर्यंत आले. ते सगळे होते तसे तोंड उघडून बसलेले होते. मी सुईत दोरा घेतला आणि एकेकाला ओवून घेतलं. एकही निसटला नाही. मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं म्हणून परत भीती वाटली.

ऊन उतरायला लागलं होतं. वाऱ्यानं हळदीची वाफ घरात आली. मी मोजा मांडीवर ठेवून बसले होते, पंजाचं उघडं तोंड बाहेरच्या बाजूला करून. आता पोरगी काहीतरी विचारेल, निदान समजूत घालेल, म्हणून मी थांबले.

मुक्ता उठली. मी उंबऱ्याशी बसले होते ती नेमकी दाराच्या वाटेत. तिनं मला हाताला धरून जरा बाजूला सरकवलं, दार भिंतीला टेकेपर्यंत उघडलं, आणि आत जाऊन माठातल्या पाण्याचा एक पेला भरून बाहेरच्या ओट्यावर ठेवून आली.